उपरण्याखालचा हात

दुसरा ठोका पडला तेव्हा मामंजींचा उजवा हात साच्यात होता.

ते ओरडले नाहीत. ओरडली ती माझी धाकटी जाऊ, कुसुम. पत्रा तिरका बसून अडकला होता, म्हणून वरचं लोखंडी धूड खालीच राहिलं. मोटर घुमत होती आणि पट्टा चाकावरून घसरत किंचाळत होता. मी भिंतीला टेकवलेला बांबू घेतला, पट्टा पाडला आणि मोटर बंद केली. मग शेडमध्ये एकदम शांत झालं. मामंजी स्टुलावर ताठ बसलेले, हात मनगटापर्यंत आत. खाली रक्त ठिबकत होतं. ते ठिबकलेलं ऐकू येत होतं.

"शांते," ते म्हणाले, "चाक उलटं फिरीव. दमानं फिरीव. घाई केलीस तर आनखी बिथरंल त्ये."

मशीनबद्दल बोलत होते. मी आणि कुसुमने चाकाला अंग लावलं. धूड वर गेलं. मामंजींनी हात स्वतःच बाहेर काढला, त्याच्याकडे बघितलं नाही, खांद्यावरचं उपरणं डाव्या हाताने ओढून त्यावर टाकलं.

हात उपरण्याखाली झाकायची त्यांना जन्माची सवय होती. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून आधी ते सांगते.

माझे सासरे बैलांचे दलाल. आमच्याकडे हेडी म्हणतात. सगळे त्यांना नाना म्हणत, आम्ही सुना मामंजी. बैलाचा सौदा उघड्यावर बोलून होत नसे. विकणारा आणि दलाल समोरासमोर बसायचे, दोघांच्या हातांवर उपरणं पडायचं आणि आत बोटं धरून भाव ठरायचा. भोवती माणसं उभी असली तरी कोणाला काही कळायचं नाही. दोघांचे चेहरे दगडासारखे. सौदा जमला की उपरणं झटकायचं आणि उठायचं. मामंजींचा त्यात एक नियम होता. "उपरन्याखालची गोष्ट उपरन्याखालीच ऱ्हाती," म्हणायचे. विकणाऱ्याची अडचण, घेणाऱ्याची गरज, आत जे कळलं ते बाहेर काढायचं नाही.

माझ्या लग्नाची देवघेवसुद्धा त्यांनी माझ्या वडिलांशी उपरण्याखाली ठरवली. मी दारामागून बघत होते. त्याआधी त्यांनी मला पुढे बोलावून फक्त हात बघितले. तळवे वर करून, उलटे करून, बोटं दाबून. "कामाचा हात हाय," एवढंच म्हणाले. माझा चेहरा त्यांनी बघितला की नाही, देव जाणे. मला फार राग आला होता. लग्नानंतर मी एकदा विचारलं, "मामंजी, काय ठरलं हुतं हो माझं?"

"तुझ्या बापाला इचार."

"ते बी सांगत न्हाईत."

"मग त्यो बी शाना हाय," म्हणाले आणि चहा ओढू लागले.

बैल बघायची त्यांची रीत सगळ्या घोडेगाव बाजारात माहीत होती. आधी लांबून बघायचे, मग भोवती फिरायचे, मग पुढ्यात उकिडवे बसून गप्प राहायचे. लोक म्हणायचे, नाना बैलाशी बोलतो. ते म्हणायचे, "जनावराला तोंड नसतं, अंग असतं. अंगालाच इचारायचं." एकदा एक माणूस लंगडा बैल विकायला आला. लंगडणं दिसू नये म्हणून त्याने दुसऱ्या पायाच्या खुरात खडा दाबला होता, म्हणजे बैल दोन्हीकडे सारखा झुलेल. मामंजींनी बैल चालवला नाही, नुसता उभा बघितला आणि म्हणाले, "ह्याच्या एका पायाचं दुखनं देवानं दिलं, दुसऱ्याचं कुनी दिलं रं?" तो माणूस कासरा धरून गुमान निघून गेला.

त्यांचं आणखी एक वाक्य होतं. ते मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी मला ते नकोसं झालं. "मारका बैल नसतो. हाकनारा कच्चा असतो." त्यांनी जमवून दिलेल्या एका बैलाने तिसगावच्या बाजूला एका माणसाला शिंग मारलं. मामंजी चालत गेले आणि बैल घरी घेऊन आले. कोणी मागितलं नव्हतं. "मी धरून दिला, आता मीच संबाळीन," म्हणाले. तो बैल आमच्या दावणीला म्हातारा होऊन मेला. मला बघून डोळे फिरवायचा. वैरण टाकताना मी जीव मुठीत धरायची. त्यांना मात्र त्याने कधी काही केलं नाही. त्यामुळे त्यांचा त्या वाक्यावरचा विश्वास आणखी पक्का झाला. तिथेच घोटाळा झाला, असं मला वाटतं.

मग तो दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले. लोक बैल बाजारात आणत, पण घेणारा एकच, खाटीक. मामंजींनी ज्या जोड्या जमवून दिल्या होत्या त्याच परत येऊ लागल्या, बरगड्या मोजता येतील अशा. दोन-तीन बाजार ते गेले. नंतर गेले नाहीत. ओट्यावर बसून स्वतःच्याच डाव्या हाताची बोटं उपरण्याखाली धरून बसायचे.

आम्ही सगळे खडी फोडायच्या कामावर जात होतो. आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, मी आणि कुसुम. कुसुमचा नवरा मिलिटरीत होता, म्हणून ती आमच्यातच. एक दिवस मामंजी कामावर आले, बायांच्या डोक्यावरची घमेली बघत राहिले. दगडाने सगळ्यांचे तळ फाटलेले, कोणी गोणपाट घातलेलं, कोणी पत्र्याचा तुकडा.

घरी आल्यावर म्हणाले, "बैल संपले. आता मानसंच वझं व्हात्यात. वझ्याला घमेलं लागतं. आपुन घमेली करायची."

आम्हाला वाटलं, म्हातारा उन्हाने भ्रमला. पण त्यांनी सगळा विचार केला होता. रस्त्याकडेला पिठाच्या गिरणीशेजारी शेड मिळत होती, गिरणीमुळे वीज होती. ठेकेदाराशी बोलणं झालं होतं. पावसाळ्याआधी माल हवा, नाहीतर तो बाहेरून मागवणार. राहिलं होतं ते फक्त मशीन.

त्यावरून घरात वाद झाला. आमचे मालक नगरला एका वर्कशॉपमध्ये काही दिवस राहिले होते. ते म्हणत होते, हाताने फिरवायचा प्रेस घ्या. दोघांनी दांडा फिरवायचा तेव्हा ठोका पडतो. सोडला की थांबतो.

"आन दिसाला किती घमेली व्हत्याल?" मामंजींनी विचारलं.

"थोडी व्हत्याल, नाना. पर हात साबूत ऱ्हात्याल."

"म्हंजी गाढव घ्यावं म्हनतोस. बैल नको."

 आमच्या घरात मामंजींपुढे गप्प बसायचीच पद्धत होती.

आमच्या दावणीची शेवटची जोडी तेवढी उरली होती. ती त्यांनी खाटकाला दिली नाही, पाणी असलेल्या गावात एका बागायतदाराला दिली आणि त्यातून मशीन घ्यायला पुण्याला निघाले. मला बरोबर घेतलं. "जिच्या हाताखाली ऱ्हायचं तिनं जनावर बघाया पायजे," म्हणाले. बैल घेतानासुद्धा ते घरच्या बाईला बोलवत. ही त्यांची चांगली गोष्ट होती. मी फक्त चौथी शिकलेली, मशीन म्हणजे पिठाची गिरणी, तेवढंच मला ठाऊक.

भंगारबाजारात एका वाड्याएवढ्या आवारात जुनी यंत्रं रांगेने उभी होती. गंजलेली, काळी, तेलाचा वास मारणारी. मला ते बाजारच्या शेवटच्या जनावरांसारखं दिसलं. दुकानदार मध्यम वयाचा, पँट-शर्टातला, बोलायला गोड. एक हात सारखा पँटच्या खिशात. चहासुद्धा डाव्या हाताने प्यायला.

मामंजी एका प्रेसपुढे उकिडवे बसले. दात्यांच्या चाकावरून बोट फिरवलं.

"काय बघता आजोबा, दात?" तो हसला.

"झिजल्यात. पर समदे हायती. जुळल्यालं जनावर हाय, लई खोंड न्हाई."

"एकदम सवयीचं मशीन आहे. शिकवायला लागणार नाही. पाय दाबा की ठोका."

त्याने चालू करून दाखवलं. पायाखालची पट्टी दाबली की ठोका, दाबली की ठोका. जमीन हादरत होती.  आणि मग एकदा त्याने पाय दाबला, सोडला, ठोका पडला, आणि पाय जमिनीवर असताना आणखी एक ठोका पडला.

मी बघितलं. मामंजींनीही बघितलं.

"ह्ये काय?" त्यांनी विचारलं.

"जोर आहे त्याच्यात, आजोबा. दमदार आहे."

मामंजी बराच वेळ मशीनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चाबकाची वाट बगत न्हाई, बगितलंस? काही बैल असत्यात तसं. पराणी लावायच्या आधीच वढ घेत्यात. कामाचं हाय." त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. कितीतरी महिन्यांनी त्यांनी कशाला तरी कामाचं म्हटलं होतं.

मी म्हटलं, "मामंजी, मला न्हाई आवडलं."

"तुला त्यो बैल बी आवडत नव्हता."

मग त्यांनी खाली बसून उपरणं पसरलं. दुकानदार आधी हसला. म्हणाला, बोला ना तोंडाने, इथे कोण ऐकतंय. मामंजी हलले नाहीत. शेवटी तोही बसला, खिशातला हात काढून पटकन उपरण्याखाली सरकवला. मी मामंजींचा चेहरा बघत होते. बाजारात दगडासारखा असणारा चेहरा क्षणभर बदलला. काहीतरी हाताला लागावं आणि माणसाने थांबावं, तसे ते थांबले. त्यांनी दुकानदाराच्या तोंडाकडे बघितलं. तो दुसरीकडे बघत होता. मग उपरण्याखाली हालचाल झाली, उपरणं झटकलं गेलं, सौदा झाला. दुकानदाराचा हात खिशात परत गेला.

एसटीत मी विचारलं, "आत काय झालं?"

"उपरन्याखालची गोष्ट हाय," म्हणाले. 

मशीन ट्रकमधून आलं तेव्हा त्यांनी आम्हाला नव्या बैलासारखी पूजा करायला लावली. त्याच्या पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, भाकरी द्यायची. पाणी टंचाईचं, भाकरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची. कुसुमने भाकरीचा तुकडा साच्यात ठेवला. मामंजींनी मोटर लावून पाय दाबला. ठोका पडला. ते पाय काढून हात जोडत होते तेव्हा दुसरा पडला. भाकरीचं लाल पीठ झालं.

"भूक लागली हुती त्याला," मामंजी म्हणाले आणि हसले. गिरणीवाला हसला, कुसुमही हसली. आमचे मालक हसले नाहीत. मीही नाही.

पण मग बरेच दिवस काहीच झालं नाही. त्यानेच आम्ही फसलो. रोज दुसरा ठोका पडला असता तर आम्ही मशीन विकलं असतं. ते नीट चालायचं. मालक कच्चा पत्रा आणायचे, माल पोचवायचे. मामंजी पाय दाबायचे, मी गोल पत्रा ठेवायची, कुसुम झालेलं घमेलं साच्यातून काढायची. ओळीने घमेली रचली जायची, आणि कामावरच्या बाया डोक्यावर आमची नवी घमेली घेऊन जाताना दिसल्या की मामंजींची मान ताठ व्हायची. मालकांनी लोहाराकडून लांब चिमटा करून आणला होता. त्याने काढायला वेळ लागायचा. मामंजी म्हणायचे, "हात लावल्याबिगर जनावर कळत न्हाई." चिमटा खिळ्याला टांगलेला राहिला.

मग एका दुपारी कुसुम घमेलं काढत होती. ठोका होऊन गेला होता. तिने हात आत घातला, घमेलं सैल करून ओढलं, हात बाहेर येतो न येतो तोच धूड आपोआप खाली आलं. तिच्या हातातल्या बांगड्या फुटल्या. हात वाचला. साच्यात अर्धवट राहिलेल्या घमेल्याच्या तळाला हिरवी काच रुतून बसली होती. ते घमेलं मी पुष्कळ वर्षं ठेवलं होतं.

 मामंजींनी कुसुमचा हात घेतला. उलटा केला, सुलटा केला, एकेक बोट दाबून बघितलं, माझ्या लग्नाआधी माझी बघितली होती तशी. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

संध्याकाळी आमचे मालक म्हणाले, "नाना, मशीन परत देऊन येतो. त्या मानसानं फसवलंय."

"सौदा झाल्याला हाय."

"सौदा गेला खड्ड्यात! पोरीचा हात गेला असता."

"मी आजवर सौदा मोडून कुनाच्या दारात गेलो न्हाई. आता बी जानार न्हाई, तुला बी जाऊ देनार न्हाई." मग म्हणाले, "मी धरून आनलाय. मीच संबाळीन. उद्यापासनं साच्यात हात माझा. शांता पाय दाबंल, कुसुमनं बाहेर बसून पत्रा द्यायचा. बायकांनी साच्याला हात लावला तर माझ्याशी गाठ हाय."

"निदान चिमटा तरी घ्या."

त्यांनी उपरणं झटकलं आणि ते उठले.

पुढचे दिवस मी सांगू शकत नाही कसे गेले. मी पाय दाबायची, काढायची, आणि पाय जमिनीवर आहे ना, हे खाली वाकून बघायची. त्यांचा हात आत जायचा, बाहेर यायचा.  ते मशीनशी बोलायचे. "हां. शाना हाय तू. थांब. थांब म्हनलं ना." त्या मारक्या बैलाशी बोलायचे तसंच. ठेकेदाराचा माल पुरा होत आला होता. हा माल झाला की बघू, असं सगळेच म्हणत होते.

आणि मग जे झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं. माझा पाय जमिनीवर होता. मी बघितलं होतं.

खडीच्या ट्रकमध्ये घालून आम्ही त्यांना नगरला नेलं. करंजीच्या घाटात ट्रक हळू झाला तेव्हा ते म्हणाले, "बैलगाडीनं आलो असतो तर लवकर पोचलो असतो." कुसुमला त्याही वेळी हसू आलं आणि मग ती रडायला लागली.

डॉक्टरांनी हात मनगटाच्या वर कापला. पण आधीच विष चढलं होतं, अंगात ताप भरला होता. मी त्यांच्याजवळ बसायची. एकदा शुद्धीवर होते तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि त्यावर चादर ओढली. मला वाटलं, भ्रमात आहेत, बाजारात बसलेत. चादरीखाली त्यांनी माझी दोन बोटं दुमडली आणि तळहातावर घट्ट दाबून धरली.

"असा हुता," म्हणाले.

"काय असा हुता, मामंजी?"

"त्या पुन्याच्या मानसाचा हात. दोन बोटं नव्हती. उपरन्याखाली मला तवाच कळलं."

 खिशातला तो हात मला आठवला.

"मला वाटलं, हाकनारा कच्चा आसंल," ते म्हणाले. "उपरन्याखालची गोष्ट म्हनून कुनाला बोललो न्हाई. तुला सांगाया पायजे हुतं, शांते. हात तुझं हुतं."

आयुष्यात उपरण्याखालची एवढी एकच गोष्ट त्यांनी बाहेर काढली. मी त्यांना "असू द्या" म्हटलं नाही. तसं म्हणायला मला जमलं नाही, आणि ते खोटं झालं असतं. मी पाणी पाजलं. माझी बोटं त्यांनी सोडली नाहीत.

ते गेले. मारका बैल नसतो, हे वाक्य आमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारलं नाही.

मालकांनी नंतर मशीन खोललं. पाय सोडल्यावर चाकाला अडवणारी आतली खुंटी झिजून गुळगुळीत झालेली निघाली. ती किती वर्षं तशी होती, कोणाला ठाऊक. मालकांनी घणाने मशीन फोडलं, पुन्हा कोणी चालवू नये म्हणून, आणि तुकडे भंगारात घातले. त्यानंतर आम्ही हाताने फिरवायचा प्रेस घेतला. दांड्याला मी आणि मालक, घमेलं काढायला कुसुम, चिमट्याने. माल थोडा व्हायचा. आमचं पोट भरलं.

लोक विचारतात, तुमचे सासरे कसे होते. मी सांगते, चांगले होते, हट्टी होते, आणि बैल सोडून दुसरं काही त्यांना कळत नव्हतं. कुसुमच्या जागी स्वतःचा हात ठेवणारे होते, आणि ते मशीन घरात आणणारेही तेच होते. यातलं एक वजा करून मला त्यांना आठवता येत नाही.

आमचे मालक पुढे त्यांच्या आजारपणाने गेले. कुसुम आता माझ्याच घरी असते, तिच्या हातात अजून हिरव्या बांगड्या आहेत. त्या शेडमध्ये आम्ही तिघं काम करत होतो. मामंजी वाचले नाहीत. कुसुम आणि मी वाचलो.